‘बॉयकॉट’ : एका आडनावाचा प्रवास

वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘बॉयकॉट’ हा इंग्रजी शब्द वारंवार भेटतो. मूळचे ते एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२-१८९७) हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८७९ च्या नापिकीनंतर कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदाराने १० टक्केच देऊ केली. सप्टेंबर १८८० मध्ये बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा बजावण्याचा प्रयत्न केला. बेदखल कुळाची जमीन घेणाऱ्यास ठार न मारता वाळीत टाकावे, असे आवाहन आयरिश नेते चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल यांनी त्याच महिन्यात केले होते. मेयोतील लोकांनी हेच अस्त्र बॉयकॉटवर चालविले. नोकरचाकर निघून गेले, दुकानदारांनी माल नाकारला, पीक शेतातच राहिले. अखेर बाहेरून सुमारे ५० माणसे आणून सैन्याच्या पहाऱ्यात ते काढावे लागले. १ डिसेंबर १८८० रोजी बॉयकॉटने आयर्लंडमधून काढता पाय घेतला.

या प्रकारास ‘ऑस्ट्रसाइझ’ म्हणणे शेतकऱ्यांना जड जाईल, म्हणून फादर जॉन ओमॅली या स्थानिक धर्मगुरूंनी ‘बॉयकॉट’ हा शब्द सुचविला, अशी नोंद अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी केली आहे. पुढे तो फ्रेंच, जर्मन, जपानी भाषांतही रुळला.

मराठीत त्यासाठी ‘बहिष्कार’ हा शब्द योजला गेला. १९०५ च्या वंगभंगानंतर लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षणाबरोबर त्याला स्थान मिळाले. परंतु आपल्याकडे या शब्दाला जातीबाहेर टाकण्याचा जुना, कटू अर्थही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले, त्यामागे हीच वेदना होती. जातपंचायतींच्या जाचाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

मेयोतील कुळांनी सत्तेविरुद्ध उगारलेले अस्त्र आणि एकाकी कुटुंबावर पंचांनी लादलेली शिक्षा, दोहोंना मराठीत शब्द एकच आहे. तो वापरताना कोण कोणाला वाळीत टाकत आहे, हे पाहिले पाहिजे.