केंदळचा निरोप्या

तमिळ बायबलची अनुक्रमणिका चाळताना मी एका शब्दापाशी अडलो आणि तिथून थेट राहुरी तालुक्यातल्या केंदळला जाऊन पोचलो. संत पौलाच्या पत्रांना तमिळमध्ये ‘निरुबम’ म्हणतात. वर्तमानपत्राचा बातमीदार तो ‘निरुबर’. म्हणजे आपला निरोप आणि आपला निरोप्याच की!

नगर जिल्ह्यातल्या कॅथलिक घरांत ‘निरोप्या’ हे आधी मासिकाचे नाव असते, मग सामान्य नाम. हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी ते १९०३ साली केंदळहून सुरू केले. नाव इतके अंगवळणी पडले आहे की ते असेच का, हे कुणी विचारत नाही.

याचे एक उत्तर शेजारीच सापडते. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये नगरलाच ‘ज्ञानोदय’ सुरू केला होता. त्या संस्कृत नावाला हे बोलीतले प्रत्युत्तर, असे म्हणता येईल. मला ते अर्धेच पटते. प्रत्युत्तरच द्यायचे असते तर नावात दीप, प्रकाश, सत्य असे काहीतरी आले असते. ‘निरोप्या’ हे वादाचे नाव नव्हे, ते चाकरीचे नाव आहे. आणि ती चाकरी कुठली, हे शोधायला फ्रान्समध्ये जावे लागते.

दक्षिण फ्रान्समध्ये वाल्स इथे येशूसंघाची सेमिनरी होती. भावी फादरांचे शिक्षण तेव्हाही लांबलचकच: नवदीक्षितांची दोन वर्षे, तत्त्वज्ञान, अध्यापन, ईशज्ञान, मग गुरुदीक्षा. वाल्सच्या ब्रदरांचे मात्र पुस्तकात लक्ष लागेना. मदुरेच्या मिशनची पत्रे वाचून ते अस्वस्थ झाले होते. कधी एकदा भारताच्या बोटीत बसतो, असे त्यांना झाले होते. ३ डिसेंबर १८४४ रोजी, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला, त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर गोत्रले त्यांच्याशी बोलले. आजचा अभ्यास, आजचे कष्ट, आजची कंटाळवाणी कामे रोज सकाळी देवाला अर्पण करा. तुम्ही इथे बसूनच प्रेषित आहात, हा त्याचा आशय. त्या बोलण्यातून ‘प्रार्थनेचे प्रेषितकार्य’ ही चळवळ उभी राहिली. १८६१ मध्ये फादर हेन्री रामिएर यांनी तिचे मासिक काढले, ‘येशूच्या हृदयाचा मेसेंजर’. भाषेभाषेत त्याची भावंडे निघाली. जर्मन भावंडाचे नाव होते ‘झेंडबोटं’: धाडलेला माणूस, सांगावा घेऊन येणारा.

माझे म्हणणे असे की डोरिंगांच्या मनात हा झेंडबोटं होता आणि त्याला त्यांनी मराठी अंगरखा चढवला. त्यांनी ‘दूत’ घेतला नाही, कारण दूत राजाचा असतो, देवाचा असतो. निरोप्या गावातून गावात चालत येतो, ओसरीवर टेकतो, पाणी मागतो. मदुरेच्या पत्रांनी वाल्समध्ये जी ठिणगी टाकली, तीच साठेक वर्षांनी मुळेकाठी, केंदळला येऊन पोचली.

आता खुद्द शब्द. ‘निरोप’ संस्कृत ‘निरूप’पासून आला, याबद्दल वाद नाही. वाद आहे वाटेचा. एक पक्ष म्हणतो, तो संतांच्या ‘निरूपणा’तून आला. ज्ञानेश्वरीत ‘निरोपणे’ हे क्रियापद आहेच, म्हणजे ऊचा ओ मराठीनेच केला. ध्वनीच्या बाजूने हा पक्ष भक्कम आहे. पण अर्थाचे काय? निरूपण म्हणजे उलगडून सांगणे. त्यातून निरोप घेण्यातली ‘जाण्याची परवानगी’ कशी निघावी?

इथे मी दक्षिणेकडे बोट दाखवतो. विजयनगरकालीन कन्नड लेखांत ‘निरूप’ म्हणजे राजाज्ञा. जुन्या मराठीतही निरोप म्हणजे आज्ञा. दरबारातला माणूस मालकाच्या आज्ञेवाचून उठू शकत नाही. आज्ञा मिळाली की निघाला. म्हणून तो ‘निरोप घेतो’, म्हणून निरोपाचा विडा. ध्वनी संतांचा आणि अर्थ दरबाराचा, असा हा शब्द मी मानतो. तमिळमध्ये तोच राजलेख पौलाचे पत्र झाला.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती गोष्ट. ‘मिस्सा’, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, हा शब्द लॅटिन. उपासनेच्या शेवटी लोकांना जायला सांगणाऱ्या वाक्यात तो येतो आणि तिथे त्याचा अर्थ पाठवणी, रजा. काही जुन्या पंडितांनी त्याचे मूळ हिब्रूत, अर्पणवाचक शब्दात शोधले. मिस्सा हे अर्पणच असल्यामुळे ती व्युत्पत्ती भाविकाला गोड लागते, पण ती टिकत नाही. हिब्रूतून आला असता तर अर्पणाच्या अर्थाने तो आधी ग्रीक प्रार्थनांत दिसला असता. तसा तो दिसत नाही, तो लॅटिनच्याच अंगणातला आहे. मिस्सा आणि मिशन दोन्ही ‘पाठवणे’ या एकाच धातूची. लॅटिनला यासाठी दोन शब्द लागले. मराठीत ‘फादरांनी निरोप दिला’ म्हटले की सांगावाही आला आणि पाठवणीही झाली.

धर्मगुरूचे आयुष्य याच दोन अर्थांमधून जाते. सांगावा शिकायचा तो सेमिनरीत. तेराव्या लिओ पोपने १८९३ मध्ये भारतीय मुलांसाठी कँडीला उघडलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली. तिच्या शेजारचे येशूसंघाचे अभ्यासगृह ज्यांच्या नावाने आहे ते मिशनरी दे नोबिली पुन्हा मदुरेच्याच मिशनचे. 

डोरिंग स्वतः १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धाने जर्मन धर्मगुरूंना इथून उखडले. १९२१ मध्ये रोमने डोरिंगांना जपानला, हिरोशिमाला धाडले. साठी ओलांडलेल्या माणसाने पुन्हा नवा देश, नवी भाषा पत्करली. १९२७ मध्ये ते पुण्याच्या जुन्याच गादीवर परत आले, तेव्हा केंदळच्या त्या पहिल्या अंकाला चोवीस वर्षे झाली होती.