महाराष्ट्रातील फ्लाय फिशिंग

फ्लाय फिशिंग ही कृत्रिम माशीच्या साहाय्याने मासा गळाला लावण्याची पद्धत आहे. पिसे, केस व रेशमी दोरा गळावर गुंडाळून ही माशी तयार करतात. महाराष्ट्रात हा छंद तुरळक असून सह्याद्रीतील नद्यांमध्ये तो मुख्यतः महाशीर या माशासाठी जोपासला जातो. वसई तालुक्यातील वटार–अर्नाळा किनारपट्टीवर मासेमारी म्हणजे होडी आणि जाळे असेच समीकरण आहे; मात्र त्याच पट्ट्याच्या उत्तरेस समुद्रास मिळणाऱ्या वैतरणेच्या वरच्या भागात महाशीर आढळतो.

== पद्धत ==
साध्या गरीत गळाचे किंवा शिशाचे वजन दोरीला पुढे ओढते. कृत्रिम माशीला जवळजवळ वजनच नसल्याने येथे जड दोरीच फेकावी लागते आणि माशी तिच्यामागून जाते. त्यासाठी दोरी आधी पाठीमागे पूर्ण उलगडावी लागते. काठावर दाट झाडी असेल तर ही फेक अशक्य होते व दोरी पाण्यावरूनच गोल वळवून पुढे टाकावी लागते.

== महाशीर ==
दख्खनच्या महाशीराचे (टॉर खुद्री) शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले. ‘खुद्री’ हे नाव त्यांनी स्थानिक मराठी नावावरून घेतले. आजही काही भागांत त्यास खडशी म्हणतात. हा मासा कीटक, खेकडे, लहान मासे, शेवाळ आणि पाण्यात पडलेली फळेही खातो. त्यामुळे तो नेमका कशाला भुलेल, याचा अंदाज बांधणे कठीण असते. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथात हेन्री सलिव्हन थॉमस यांनी झुंजीच्या बाबतीत महाशीराला साल्मनहून वरचे स्थान दिले होते.

== अडचणी ==
दिवसभर दोरी फेकूनही रिकाम्या हाताने परतणे या छंदात नित्याचे आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ झाल्याने माशाला माशी दिसत नाही. पावसाळा सरल्यावर पाणी निवळते, पण मग माशाला काठावरचा माणूसही दिसतो. एक सावली पडली तरी डोहातील मासे खोल जातात. उन्हाळ्यात प्रवाह तुटून केवळ डोह उरतात आणि भर दुपारी मासा हालचाल टाळतो, म्हणून पहाट व सांज एवढीच वेळ हाती राहते. मासा लागलाच तर त्याची पहिली धाव सर्वांत वेगवान असते. बेसॉल्टच्या धारदार कडांवर घासून दोरीच्या टोकाचा बारीक धागा तुटतो.

खरी अडचण मात्र मासाच कमी होण्याची आहे. धरणांमुळे माशांचे विणीसाठीचे स्थलांतर अडते. सुरुंग व विष वापरून मासे मारण्यास कायद्याने बंदी असूनही असे प्रकार थांबलेले नाहीत.

== संरक्षित डोह ==
पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे तिळसेश्वर मंदिरालगत वैतरणेच्या डोहात महाशीर श्रद्धेपोटी राखले गेले आहेत. महाड परिसरातील वाळणकोंड हा असाच एक डोह. अशा ठिकाणी मासे भाविकांनी टाकलेले खाद्य खाण्यास निर्धास्तपणे काठाशी येतात. जेथे महाशीर धरणे सर्वांत सोपे, तेथेच त्याला धरणे निषिद्ध आहे.

== संवर्धन ==
लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा समूहाच्या वीज कंपनीने महाशीराचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. तेथील पिले देशातील अनेक जलाशयांत सोडण्यात आली. गळ टाकणाऱ्या हौशींसाठी ही पर्वणी ठरली, तरी परिणाम सर्वत्र चांगला झाला नाही. कावेरीत सोडलेल्या दख्खनी महाशीराची संख्या वाढत गेली, तर तेथील मूळचा, नारिंगी परांचा व कुबडाचा महाशीर (टॉर रेमादेवी) दुर्मीळ झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त प्रजातींत केला.