कानातल्या मण्याची नोंद

बचत गटात आपण एक गोष्ट पक्की शिकलो आहोत. जे वहीत नाही, त्याचा हिशेब लागत नाही. आजारांचंही तसंच आहे. खेळता खेळता पोरानं कानात मणी नाहीतर हरभरा घातला, की आपण दवाखान्यात पळतो. डॉक्टरांच्या दहाव्या जागतिक यादीत या तक्रारीला एक खूण आहे: टी १६, म्हणजे कानात अडकलेली बाहेरची वस्तू. ही खूण आली कुठून, ते आज पाहू.

सुरुवात झाली मरणाच्या नोंदीपासून, आणि त्या कामात बायका होत्या. सतराव्या शतकात लंडनमध्ये कुणी वारलं की म्हाताऱ्या, गरीब बायका प्रेत पाहायला जात आणि मरणाचं कारण चर्चच्या कारकुनाला सांगत. त्यावरून दर आठवड्याला पत्रक छापलं जाई. १६६२ मध्ये जॉन ग्रॉन्ट या कापड व्यापाऱ्यानं या पत्रकांचा हिशेब मांडून पुस्तक लिहिलं. या बायकांच्या सांगण्यावर त्यानं शंकाही घेतली, पण त्याचा हिशेब उभा राहिला तो त्यांच्याच नोंदींवर.

पुढे विल्यम फार यांनी इंग्लंडमध्ये दाखवून दिलं, की एकाच आजाराला चार नावं असली तर मोजणी होतच नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये मागणी केली, की सगळ्या इस्पितळांनी रुग्णांची नोंद एकाच पद्धतीनं ठेवावी. १८९३ मध्ये पॅरिसच्या जाक बर्तियाँ यांनी अनेक देशांना चालेल अशी यादी मांडली. पण ती होती मरणाच्या कारणांची. कान धरून रडणाऱ्या जित्या पोराला तिच्यात जागा कुठली?

१९४८ मध्ये यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. तेव्हा जिवंत माणसांचे आजार आणि इजाही तिच्यात आल्या. नवव्या यादीत कानातल्या वस्तूचा आकडा ९३१ होता. १९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या यादीत तो टी १६ झाला. अमेरिकेनं तर उजवा कान आणि डावा कान असेही वेगळे आकडे केले.

यात आपलं काय? कागदावर नुसतं 'कान दुखतो' लिहिलं, तर मणी त्यात हरवतो. अशी किती मुलं येतात, कोणत्या वयाची, हे मग कुणालाच कळत नाही. म्हणून दवाखान्यात नीट सांगा: कोणता कान, काय गेलं, केव्हा गेलं, घरी काय उपाय केला. रागावतील म्हणून लपवू नका. घरी पिन, काडी घालू नका. दाणा असेल तर पाणी ओतू नका, तो फुगतो. घड्याळातला गोल सेल असेल तर क्षणभरही थांबू नका.

आकडा लिहिणं दवाखान्याचं काम. पण खरी हकीकत आईच्या तोंडूनच येते. लंडनच्या त्या म्हाताऱ्यांचा शब्द कागदावर गेला, तसा आपलाही जाऊ द्या.