बाटली ५३-एन

विठ्ठलवाडीहून लोकल पकडायची, दादरला उतरायचं आणि तिथून परळ. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा होती. आज तिला आपण हाफकिन संस्था म्हणतो. या नावामागे एका बाटलीची गोष्ट आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तोकड्या जागेत लस बनवली. आधी सशांवर चाचणी केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे ती लाखोंना टोचली गेली.

मग आला १९०२ चा ऑक्टोबर. पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. या १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती, ५३-एन. सरकारी आयोगाने बोट परळकडे दाखवलं: हाफकिननी लसीत कार्बॉलिक ॲसिड घालणं बंद केलं होतं ना? हाफकिन यांचं संचालकपद गेलं, ते इंग्लंडला परतले.

पण त्याच चौकशीत एक साधी नोंद होती. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली परळमध्येच दूषित झाली असती, तर इतक्या दिवसांत तिला घाण वास सुटला असता. टोचणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता.

ही कागदपत्रं लोकांसमोर यायला वर्षं लागली. आल्यावर मात्र इतर शास्त्रज्ञांना ती तपासता आली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून बाजू मांडली आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं.

हे आज का आठवायचं? कारण फसलेला प्रयोग कुणी छापला नाही, तर दुसरीकडे कुणीतरी तोच पुन्हा करतं. पुन्हा तितकेच ससे, तितकेच उंदीर मरतात. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या: शक्य तिथे प्राण्यांऐवजी दुसरी पद्धत वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांच्या वेदना कमी करा. २०२३ मध्ये भारताने औषधचाचणीच्या नियमांत बदल करून माणसाच्या पेशींवरच्या, चिपवरच्या आणि संगणकावरच्या पद्धतींनाही वाट करून दिली. पण या नव्या पद्धतींवर विश्वास कधी बसेल? त्या कुठे चुकल्या हेही कुणी लिहून ठेवलं, तरच.

पडलेल्या चिमट्याची नोंद कुणीतरी ठेवली होती. पाच वर्षांनी एका माणसाची अब्रू वाचली ती त्या एका ओळीमुळे. तीच ओळ १९०३ मध्ये सर्वांसमोर आली असती तर?