वाळवंटातला पहारा

सैतानाविरुद्ध सावध राहण्याच्या ख्रिस्ती आज्ञेला रोजच्या शिस्तीचे रूप आले ते चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात. आज्ञा अर्थातच जुनी होती. गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना जागे राहून प्रार्थना करायला सांगितले होते. पेत्राच्या पहिल्या पत्रात सैतानाला भक्ष्य शोधत हिंडणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. पण जागे राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे नाईलच्या दोन्ही तीरांपलीकडे जाऊन राहिलेल्या एकांतवासींनी स्वतःवर प्रयोग करून ठरवले.

त्यांत अग्रणी संत अंतोनी (सुमारे २५१–३५६). वडिलोपार्जित जमीन देऊन टाकून तो आधी गावाबाहेरच्या थडग्यात आणि पुढे एका ओसाड किल्ल्यात सुमारे वीस वर्षे राहिला. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने त्याचे चरित्र लिहिले. श्वापदांच्या रूपाने चाल करून येणारे दुरात्मे त्यातूनच पुढे चित्रकारांना मिळाले. चरित्राचा खरा गाभा मात्र अंतोनीच्या उपदेशात आहे. दुरात्म्यांना भविष्य कळत नाही, असे तो सांगतो. इथिओपियातला पाऊस पाहून ते धावत पुढे येतात आणि नाईलच्या पुराचे भाकीत करतात, एवढीच त्यांची विद्या. म्हणून भ्यायचे नाही. क्रूसाची खूण करायची आणि समोर येईल त्याला ‘तू कोण, कुठून आलास’ असे विचारायचे. आपल्या कृती आणि मनाच्या हालचाली दुसऱ्याला दाखवायच्या असल्याप्रमाणे लिहून ठेवाव्यात, असेही त्याने सुचवले. या परंपरेत भीतीपेक्षा चौकशीला मान आहे, तो इथपासून.

सुमारे ३३० नंतर नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला नित्रिया, केलिया आणि स्केतिस येथे संन्याशांच्या वस्त्या वाढल्या. एकट्या नित्रियात पाच हजार जण राहत होते, असे तिथे राहून आलेल्या पॅलाडियस या लेखकाने नोंदवले आहे. केलियातल्या कुट्या मुद्दामच दूरदूर बांधलेल्या असत. आठवडाभर एकट्याने ताडाच्या पातींच्या टोपल्या आणि दोर विणायचे, तोंडाने स्तोत्रे म्हणायची, आणि शनिवार-रविवारी चर्चमध्ये एकत्र जमायचे, असा क्रम होता. आर्सेनियस नावाचा संन्यासी शनिवारी संध्याकाळी मावळत्या सूर्याकडे पाठ करून प्रार्थनेला उभा राही, तो सकाळचे ऊन तोंडावर येईपर्यंत.

या अनुभवाची शास्त्रशुद्ध मांडणी केली इव्हाग्रियसने. पोंतस प्रांतात जन्मलेला आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये डीकन असलेला हा विद्वान सुमारे ३८३ मध्ये इजिप्तला आला आणि ३९९ मध्ये केलियातच वारला. त्याच्या मते दुरात्मा एकांतवासीवर हल्ला करतो तो विचाराच्या वाटेने. असे आठ विचार त्याने सांगितले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, विरक्तीचा कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व. विचार मनात येणे माणसाच्या हाती नाही. तो मनात रेंगाळू द्यायचा की नाही, हे त्याच्या हाती आहे. ही एक भेदरेषा सबंध साधनेला आधार देते, कारण मोह झाला म्हणून खचणाऱ्या साधकाला ती पुन्हा उभे करते. कोणता विचार वारंवार येतो, किती वेळाने ओसरतो, त्याच्यामागून कोणता येतो, हे साधकाने टिपून ठेवावे, असा त्याचा आग्रह होता.

कंटाळ्याचे त्याने केलेले वर्णन विशेष सूक्ष्म आहे. हा दुपारचा दुरात्मा. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी खिडकीतून बाहेर पाहतो, आपल्या कुटीचा आणि हाताच्या कामाचा त्याला तिटकारा येतो, घरच्यांची आठवण येते. उपाय एकच, कुटी न सोडणे. भटकणाऱ्या मनाला वाचन, जागरण आणि प्रार्थना. पेटलेल्या वासनेला उपवास, कष्ट आणि एकांत. क्रोधाला स्तोत्रगायन, सहनशीलता आणि दया, अशी औषधेही त्याने नेमून दिली. शिवाय प्रत्येक दुष्ट विचाराला उत्तर म्हणून बायबलमधली जवळजवळ पाचशे वचने आठ भागांत संकलित केली. वाळवंटात येशूने सैतानाला शास्त्रवचनांनीच परतवले होते. त्याचाच हा वस्तुपाठ.

ओरिगेन या आधीच्या धर्मचिंतकाच्या मतांवरून पेटलेल्या वादात ५५३ च्या सुमारास इव्हाग्रियसची मते निषिद्ध ठरली. त्याचे काही ग्रंथ सिरियाक भाषांतरांतून, तर काही दुसऱ्यांच्या नावावर टिकले. त्याआधीच योहान कॅसियन या संन्याशाने मार्सेयमध्ये ही शिकवण लॅटिनमध्ये आणली होती. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने तिची पुनर्रचना केली आणि त्यातून पश्चिमेकडची सात प्रमुख पापांची यादी घडली. बेनेडिक्टच्या नियमावलीने मठांसाठी रात्रीच उठून करायची प्रार्थना बांधून दिली, आणि झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ज्यात दुपारच्या अरिष्टाचा उल्लेख येतो ते ९१ वे स्तोत्र ठेवले.

पूर्वेकडे सिनाई आणि अथोस पर्वतावरच्या मठांत हीच सावधानता येशूच्या नावाच्या अखंड जपाशी जोडली गेली. तिथल्या लेखनाचा ‘फिलोकालिया’ हा संग्रह करिंथचा माकारियस आणि अथोसचा निकोदेमस यांनी सिद्ध केला. तो १७८२ मध्ये व्हेनिसला छापला गेला. १७९३ मध्ये पाईसी वेलिच्कोव्स्कीचे स्लाव्होनिक भाषांतर निघाले, आणि मठांपुरती राहिलेली ही साधना रशियातल्या सामान्य भाविकांपर्यंत पोहोचली.