आर. ए. बी.
जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’ या अद्भुतरम्य कादंबरीमालेत (पहा : हॅरी पॉटर) आद्याक्षरांपुरतेच प्रथम प्रकटलेले पात्र. सहाव्या भागाच्या (२००५) अखेरीस एका गुहेतून आणलेले लॉकेट बनावट निघते. आतील चिठ्ठीत खरे लॉकेट (पहा : हॉरक्रक्स) आपण पळवल्याचे खलनायक व्होल्डेमॉर्टला कळवलेले असून खाली ही अक्षरे आहेत. ती कोणाची, याबाबत वाचकांचा कौल प्रामुख्याने हॅरीचा धर्मपिता सिरियस ब्लॅक याचा दिवंगत भाऊ रेग्युलस याच्या बाजूने होता. तो व्होल्डेमॉर्टच्या गोटातून माघार घेताना मारला गेल्याचा, तसेच ब्लॅक घराण्याच्या वाड्यात साफसफाईत सापडलेल्या, कोणालाच उघडता न आलेल्या जड लॉकेटचा उल्लेख पाचव्या भागात (२००३) ओझरता येऊन गेला होता. सर्वांत ठोस दुवा मात्र अनुवादांनी पुरवला : जेथे ‘ब्लॅक’ हे आडनावच भाषांतरित झाले होते, तेथे शेवटचे अक्षरही बदलले. डच आवृत्तीत ते झेड (झ्वार्ट्स), नॉर्वेजियनमध्ये एस (स्वार्ट), तर फिनिशमध्ये एम (मुस्ता) झाले. त्यामुळे इतर नावे बव्हंशी मागे पडली. सातव्या भागात (२००७) रेग्युलसच्या खोलीच्या दारावरील पाटीवरून रेग्युलस आर्क्ट्युरस ब्लॅक हे पूर्ण नाव उघड होते. लॉकेटची हकिकत क्रीचर हा घरगडी सांगतो.