निकोडेमस : नकाशावरचा चौकोन आणि माणसांचे गाव

आपल्याकडे गावाची शीव ओढ्याने, डोंगराच्या धारेने किंवा जुन्या वहिवाटीने ठरते. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात मात्र आधी नकाशावर रेघा पडल्या आणि गावे मागाहून आली. १७८५ च्या कायद्याने सरकारी मुलुखाची सहा सहा मैलांच्या चौकोनांत मोजणी सुरू झाली. असा चौकोन म्हणजे ‘टाउनशिप’. त्याचे छत्तीस भाग, एकेक भाग ६४० एकरांचा, आणि भागाचा चतकोर १६० एकरांचा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने हा चतकोर पाच वर्षे राहून कसणाऱ्यास जवळजवळ फुकट मिळू लागला. पुढे ग्रामीण कारभाराच्या घटकालाही टाउनशिप हेच नाव पडले.

कॅन्सस राज्यातल्या ग्रॅहम परगण्यात निकोडेमस नावाची अशी एक टाउनशिप आहे. सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्यालगतचा हा उंचसखल, गवताळ मुलूख. झाडे काय ती नदीनाल्यांच्या काठाने. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण मुक्त झालेल्यांच्या हाती जमीन आली नाही. तेव्हा १८७७ च्या सप्टेंबरात केंटकीहून सुमारे तीनशे कृष्णवर्णीय माणसे येथे यायला निघाली. एलिस स्टेशनापर्यंत आगगाडी, पुढे पायपीट. जाहिरातींनी सुपीक भूमीचे वचन दिले होते. प्रत्यक्षात घरे नव्हती आणि घरांना लाकूडही नव्हते. टेकाडाच्या पोटात खणलेल्या बिळांत राहायचे! काही कुटुंबे आल्या पावली परतली. राहिले त्यांना पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी अन्न दिले, असे तेथे सांगतात. वसंतात नांगर आणि बैल पुरेनात, म्हणून कुदळ-फावड्यांनी माती उलटली गेली.

दहा वर्षांत तेथे दुकाने, चर्चे, हॉटेल, शाळा, एवढेच काय, वर्तमानपत्रेही निघाली. याच गावचा एडवर्ड मॅककेब १८८२ साली राज्याचा हिशेब तपासनीस म्हणून निवडून आला.

मग आणखी एक रेघ आडवी आली, ती लोहमार्गाची. रेल्वे यावी म्हणून गावाने १८८७ साली १६,००० डॉलरचे रोखे काढण्यास मत दिले. पण रेल्वे आली नाही. १८८८ साली रूळ पडले ते नदीपलीकडे. व्यापारी आपली दुकाने उचलून तिकडे गेले, आणि तेथे बोग हे गाव वाढले. निकोडेमस ओसरू लागले. १९३० नंतरच्या अवर्षणाने आणि धुळीच्या वादळांनी आणखी माणसे गेली. १९५३ साली टपालकचेरीही बंद झाली.

तरी गाव पुसले गेले नाही. १९३९ साली सरकारी रोजगार योजनेतून स्थानिक चुनखडीच्या दगडात बांधलेले टाउनशिप सभागृह आजही उभे आहे. १९९६ साली हे स्थळ राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून जाहीर झाले. आज तेथे मोजकीच माणसे राहतात. पण दर उन्हाळ्यात दूरदूरच्या शहरांतून त्या पहिल्या वसाहतकऱ्यांचे वंशज गावच्या मेळ्याला परत येतात.

मोजणीदाराची साखळी जमीन मापते, आगगाडी बाजार हलवते. पण माणसाला ‘हे आमचे’ म्हणता येणे, ही गोष्ट वेगळी. गुलामांच्या मुलांनी प्रथम आपल्या नावावर केलेली ही माती आहे. म्हणूनच ती ओस पडली, तरी परकी झाली नाही.